संत सेबस्तियन

गेल्या वर्षीं नागपूरहून गोव्यास गेलों असतां पणजीच्या फोंताइन्हास भागांत संत सेबस्तियनचें लहानसें प्रार्थनामंदिर पाहिलें. हा रोमन सम्राट डायोक्लीशियनच्या पदरचा सैनिक. तो ख्रिस्ती असल्याचें उघडकीस येतांच त्यास खांबाशीं बांधून बाणांनीं विंधण्यांत आलें, अशी कथा आहे.

बहुतेक चित्रकार येथेंच थांबतात. परंतु प्रेत नेण्यास आलेल्या आयरीन नामक विधवेस तो जिवंत आढळला, व तिनें शुश्रूषा करून त्यास बरें केलें. मग त्यानें निमूटपणें दूर निघून जावें कीं नाहीं? तो उलट सम्राटाच्याच वाटेंत उभा राहिला व ख्रिस्ती प्रजेच्या छळाबद्दल त्यास खडसावूं लागला! तेव्हां मात्र सोट्यांनीं त्याचा वध झाला. आम्हांस त्या बाणांहून हें परत जाणेंच थोर वाटतें.

भाविकांनीं मात्र बाणच धरून ठेवले. साथहि तशीच अवचित येऊन लागते, म्हणून युरोपांत प्लेगाच्या वेळीं लोक त्यालाच साकडें घालीत. आपल्या गांवोगांवीं मरीआईस घालीत, तसेंच. इ. स. ६८० च्या सुमारास इटलींतील पाव्हिया शहरीं त्याच्या नांवें वेदी उभारल्यावर साथ हटली, असें पॉल डीकन या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. त्याचा सण २० जानेवारीस असतो.