दोन खेपांमधले मार्कंडा

पाण्याच्या वाटेने एखाद्या स्थळी पोहोचावे, नाव परत फिरेपर्यंतच्या मोजक्या वेळात ते पाहून घ्यावे आणि पाण्यावरूनच घरी परतावे, ही रीत आज समुद्रपर्यटनाशी जोडली जाते. नॉर्वेतील बर्गन किंवा एस्टोनियातील टॅलिन यांसारख्या उत्तरेकडील बंदरांत मोठी जहाजे काही तास थांबतात, प्रवासी जुने शहर पाहून येतात आणि जहाज पुढे निघते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातील सावली परिसराला हीच रीत वैनगंगा नदीतील डोंग्याने शिकवली. डोंगा म्हणजे मुळात एकाच झाडाचे खोड कोरून केलेली अरुंद नाव. ढिवर, म्हणजे नदीवर मासेमारी आणि नावाडीपण करून जगणारा समाज, ती चालवतो. पाणी उथळ असेल तेथे लांब बांबू तळाच्या रेतीत रोवून ती पुढे रेटतात आणि डोहावर आल्यावर वल्हे हाती घेतात.

या प्रवासाचे सर्वांत मोठे स्थळ म्हणजे पैलतीरावरील, आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात असलेले मार्कंडा. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते, म्हणजे आपली दिशा सोडून काही अंतर उत्तरेकडे वळते, आणि परंपरेने असे वळण पवित्र मानले असल्याने तेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

सावलीकडच्या माणसाच्या आयुष्यात हे तीर्थ एकदा पाहून संपत नाही. लहानपणी आईला बिलगून डोंग्यात बसलेल्या मुलाला काठाशी हात घालून गार पाणी चाखायचे असते, आणि काठावर उतरल्यावर मंदिरापेक्षा यमाच्या पाशातून शिवाने सोडवलेल्या बाल मार्कंडेयाची कथा त्याला अधिक खरी वाटते, कारण कथेतला मुलगा त्याच्याच वयाचा असतो. तरुणपणी त्याच मंदिराची भिंत वेगळी दिसू लागते; देवदेवता, सुरसुंदरी म्हणजे सौंदर्याच्या नाना भावमुद्रांतील स्त्रीमूर्ती, आणि एकावर एक चढत गेलेले मूर्तींचे थर पाहताना या स्थळाला विदर्भाचे खजुराहो का म्हणतात हे कुणी न सांगता उमगते. अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात या मंदिरसमूहाची नोंद केली. तथापि त्याच्या कितीतरी आधीपासून नदीकाठची गावे पिढ्यान्‌पिढ्या या मूर्ती ओळखत आली होती.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि दोन काठांचे जिल्हे निराळे ठरले, तरी सोयरिकी, शेतीची कामे आणि नवस नदी ओलांडतच राहिले. प्रौढ वयात हाच माणूस कधी आईवडिलांच्या अस्थी घेऊन त्याच घाटावर येतो, आणि ज्या पाण्यात बालपणी त्याने हात बुडवला होता त्याच पाण्यात त्या सोडताना शिल्पांकडे त्याची नजर वळत नाही.

म्हातारपणी तो मुख्य मंदिराच्या आत थांबतो. वीज पडून मंदिराचा वरचा भाग ढासळला आणि गोंड राजाने तो सावरला, असे परंपरा सांगते; नाजूक कोरीव कामाच्या शेजारी भार पेलणारे साधे, ओबडधोबड दगड तेथे उभे आहेत. तरुणपणी ज्यांच्याकडे पाहण्याचेही कारण वाटले नव्हते, त्यांच्यावर आता तो हात ठेवतो, कारण कोसळू पाहणारे घर टेकू देऊन उभे ठेवणे म्हणजे काय हे मधल्या वर्षांत त्याने अनुभवलेले असते.

वैनगंगेवरील व्याहाड गावाजवळच्या पुलावरून आता वाहने भरधाव गडचिरोलीकडे जातात आणि ती सोय आजारी माणसाला, विद्यार्थ्याला, शेतमालाला हवीच आहे. मात्र बंदरात एकदाच उतरलेल्या प्रवाशाला शहर एका वयाच्या डोळ्यांनीच दिसते, तर डोंग्याच्या दोन खेपांमधला तोच थोडा वेळ आयुष्यभर पुन्हा पुन्हा वाट्याला आलेल्या माणसाला एकाच मंदिरात कथा, शिल्प, शोक आणि आधार असे चारही पाहायला मिळतात. म्हणून नावाड्याची हाक आल्यावर म्हातारा माणूस सावकाश घाट उतरतो आणि डोंग्यात बसताना नातवाला काठाशी बसवतो, म्हणजे त्याचा हात पाण्यापर्यंत पोहोचेल.