बेचाळीस अंशांतला प्रोसेसर

सोलापुरात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, तर त्याची परीक्षा मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्यावी. डिसेंबरातल्या रात्री पास झालेल्या सेटिंगवर मी विसंबत नाही. कूलर कितीही भारी घ्या, पंख्याचा घ्या की पाण्याचा, तो चिपची उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडतो. पूर्ण लोडवर चिप हवेपेक्षा ५० अंश वर जात असेल, तर २४ अंशांच्या एसी खोलीत ती ७४ वर थांबते आणि आपल्या ४२ अंशांच्या खोलीत थेट ९२ वर. बऱ्याच इंटेल चिपा १०० अंशांना स्वतःहून वेग कमी करतात. म्हणजे एसीत बसून कोणी सांगितलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावला, तर ऐन कामाच्या वेळी मशीन मूळ वेगापेक्षाही हळू चालायची शक्यता असते.

मी कॉम्प्युटर जोडून, बसवून देतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, चादरी-टॉवेलची जॅकार्ड डिझाइनं काढणारे आणि गेम खेळणारी कॉलेजची पोरं, अशी माझी गिऱ्हाइकं. पोरं येतात ती आकडा ठरवूनच. "दादा, पाच गिगाहर्ट्झ लावून द्या की." मी त्यांना आधी व्होल्टेजबद्दल विचारतो, तर ती घरातल्या लाइटच्या व्होल्टेजबद्दल बोलू लागतात. त्या चढउताराचा इथे फारसा संबंध नाही, तो एसएमपीएस सांभाळतो. एसएमपीएस १२ व्होल्ट देतो आणि मदरबोर्डवरचं व्हीआरएम ते सव्वा व्होल्टाच्या आसपास उतरवून प्रोसेसरला पाजतं. १.२५ व्होल्टवर १५० वॅट म्हणजे १२० अँपिअर. एवढा करंट नखाएवढ्या सिलिकॉनमधून वाहतो, हे पहिल्यांदा हिशेब करून पाहिलं तेव्हा मला या कामाचं भय आणि ओढ दोन्ही एकदम वाटलं. ती ओढ अजून आहे.

चिपला लागणारी पॉवर वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. चार गिगाहर्ट्झची चिप साडेचारवर नेली आणि त्यासाठी १.२५ चे १.३५ व्होल्ट करावे लागले, तर वेग साडेबारा टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता सुमारे ३१ टक्क्यांनी. शिवाय चिप तापली की गळती करंट वाढतो, त्याने ती आणखी तापते. जास्त करंट आणि जास्त उष्णता एकत्र आली, की तांब्याच्या सूक्ष्म तारांतले अणू जागचे सरकू लागतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. आज सुरळीत चाललेली चिप दोन वर्षांनी विनाकारण हँग होऊ लागते, त्यामागे अनेकदा ही झीज असते, आणि ती भरून येत नाही.

एके काळी चिपांमध्ये वेग वाढवायला ऐसपैस जागा शिल्लक असायची. १९९८ चा सेलेरॉन ३००ए बस ६६ वरून १०० केली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा, बहुतेक वेळा व्होल्टेजला हातही न लावता. २०११ चा कोअर आय५-२५००के ३.३ चा साडेचारवर सहज जाई. आता ती जागा कंपन्या स्वतःच बूस्टमध्ये वापरून टाकतात. त्यात किती धोका असतो, हे २०२४ साली दिसलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप चिपा प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होत्या आणि त्यातून अस्थिर होत होत्या. ऑगस्टमध्ये बायोस अपडेटमधून आलेल्या मायक्रोकोडने त्या मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांच्याही मशीन त्यात होत्या. म्हणून आता नवं मशीन हातात आलं, की मी सगळ्यात आधी बायोस अपडेट करतो.

मग मूळ सेटिंगवर तास-दोन तास लोड देऊन एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, व्होल्टेज आणि वॅट पाहतो. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी तोवर बंद, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची हे कळत नाही. नंतर शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वर. अडलं तर व्होल्टेज एका वेळी ०.०१ ने. 'ऑटो'वर व्होल्टेज सोडत नाही, बोर्ड उदार होऊन नको तितकं देतो. लोडखाली व्होल्टेज घसरू न देणारं लोड-लाइन कॅलिब्रेशनही मधल्या पायरीवरच ठेवतो. ते टोकाला नेलं की लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि ती उसळी स्क्रीनवरच्या आकड्यात दिसतही नाही. निळी स्क्रीन आली नाही म्हणजे जमलं, असंही नाही. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये हार्डवेअरच्या दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद सापडली, तरी मी ते सेटिंग बाद धरतो. तीन तासांच्या लग्नाचा व्हिडिओ मध्येच बिघडला तर भोगायचं गिऱ्हाइकानं.

शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेगळंच दुखणं. यंत्रमागाजवळ ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या हीटसिंकवर सुताचे तंतू बसतात आणि पंख्याखाली त्यांची अक्षरशः गादी तयार होते. तिथे ओव्हरक्लॉकचा विषय मी काढतच नाही. आधी ब्लोअर मारतो, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो. एवढ्यानेच १०-१५ अंश उतरलेले मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात लोक वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कॅबिनेटसमोर आणून ठेवतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरने खोली खरंच थंड होते आणि प्रोसेसरलाही त्याचा फायदा मिळतो. पण झोत सरळ कॅबिनेटवर नको. ओलाव्याबरोबर आत गेलेली धूळ बोर्डावर चिकटून बसते. कूलर खिडकीत ठेवा, समोरचं दार उघडं ठेवा, कॅबिनेट झोतापासून बाजूला घ्या.

वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज उतरवण्यात मला हल्ली जास्त समाधान मिळतं. कारखाना प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन पाठवतो, कारण त्याला त्या मॉडेलमधल्या सगळ्यात अशक्त चिपचाही विचार करावा लागतो. समोरच्या चिपला नेमकं किती पुरतं, हे शोधायला सवड हवी. १.३० वर चालणारी चिप तेवढ्याच वेगाला १.२० वर टिकली, तर उष्णता जवळजवळ १५ टक्क्यांनी घटते. रायझनमध्ये हे कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोअरचं वेगळं बसवता येतं. फक्त अशा मशीनची परीक्षा लोडवर संपत नाही. कमी व्होल्टेजची चिप लोडवर तगते आणि रिकामी असताना पडते, म्हणून ती रात्रभर नुसती चालू ठेवून बघावी लागते.

एडिटिंगवाल्यांना मी बायोसमध्ये दोन प्रोफाइल करून देतो. लग्नसराई ऐन उन्हाळ्यातही असते, तेव्हा त्यांना भरवशाचं मशीन लागतं. त्या प्रोफाइलमध्ये वेग कारखान्याचाच, व्होल्टेज कमी आणि पॉवर लिमिट बांधलेली. दुसरी थोडी मोकळी, दोन-तीनशे मेगाहर्ट्झ वरची. चारही आकडे, म्हणजे वेग, व्होल्टेज, चिपचं तापमान आणि त्या वेळी खोलीत किती होतं ते, कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. मोकळी प्रोफाइल दिवाळीनंतर लावायची, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत थंडी असते तोवर बिनघोर वापरायची, आणि होळीच्या आठवड्यात माझ्या फोनची वाट न बघता काढून टाकायची.