उंबरठ्यापलीकडचें सोवळें

आमच्या घरांत सोवळ्याओंवळ्याचा मान अजून बराचसा टिकून आहे, आणि त्याचें सारें श्रेय आमच्या आत्याबाईंना आहे. पंगत उठल्यावर खरकटें कोणी व कसें काढावें, उष्टा हात कशाला लागूं नये, यांविषयींचे त्यांचे नियम घरांतील शिकल्यासवरलेल्या सुनांनाहि पाठ आहेत. मी मात्र तरुणपणापासून या प्रकरणाची थट्टाच करीत आलों. ती थट्टा गेल्या दिवाळीच्या सुटींत वैभववाडीजवळच्या एका धबधब्यावर माझ्यावरच उलटली.

आम्ही राहणारे कोल्हापूरचे. कोंकण तें काय दूर! गगनबावडा मागें टाकून करुळचा घाट उतरूं लागलें कीं हवा पालटते, भातखाचरें दिसूं लागतात, आणि थोड्याच वेळांत वाभवे-वैभववाडी असें जोडनांव मिरविणारें तें टुमदार गांव येतें. लहानथोर अकरा माणसें दोन मोटारींतून निघालों होतों, तीं नापण्याचा धबधबा पाहण्यासाठीं. इतर धबधबे पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर जातात. हा मात्र बारमाही वाहतो. उंची फारशी नाहीं, पण कातळावरून पाणी पसरून उतरतें, भोंवतीं गर्द झाडी आहे, आणि खालीं डोह आहे. २०२५ सालीं येथें कांचेचा पूल झाला. आतां धबधबा पाहावयास येणारे आणि पूल पाहावयास येणारे अशी दुहेरी गर्दी असते.

झाडांच्या सावलींत आमचीं जेवणें झालीं. कागदी ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सारें मीं एका पिशवींत भरलें, तिचें तोंड बांधलें, आणि ती एका बुंध्याशीं ठेवून दिली. आपण उघड्यावर कांहीं टाकलें नाहीं, याचें मला समाधानहि वाटलें. ती पिशवी कोणीतरी नेईल, हा विचार मनांत स्पष्टपणें आला नाहीं. तो गृहीतच होता.

इतक्यांत आठदहा मुलें हातांत पोतीं घेऊन आलीं. आसपासच्या वाड्यांतलीं, महाविद्यालयांत जाणारीं पोरें तीं. कोणी झुडपांतले कागद वेंचूं लागला, कोणी बाटल्या. एकजण तर कमरेइतक्या पाण्यांत उतरून फुटक्या बाटल्यांचे तुकडे हातानें चाचपून काढीत होता.

“हें काम तुम्हांला सांगितलें कोणी?” मीं विचारलें.

“सांगणार कोण, काका? आमचीं गुरें खालीं हेंच पाणी पितात. कांच लागली तर तीं बोलून थोडींच दाखवणार?”

मीं त्यांची तोंड भरून वाहवा केली. फार मोठें कार्य करतां, असेंहि म्हणालों. तो मुलगा संकोचून हंसला, आणि बुंध्याजवळची ती फुगलेली पिशवी उचलून त्यानें सहज विचारलें, “काका, ही तुमची का?”

माझ्या पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे पाहत होता. ‘नाहीं’ हा शब्द माझ्या अगदीं ओठांवर आला होता, हें आज कबूल करतों.

“आमचीच ती,” मागून आत्याबाई म्हणाल्या. काठी टेकीत त्या पुढें आल्या आणि त्याच्या हातून त्यांनीं पिशवी घेतली. “ठेव, बाळ. आमचें उष्टें तूं कां काढावेंस?” मग माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “घरीं दुसऱ्याचें ताट उचलायची वेळ आली तर तूं नाक मुरडतोस. आणि येथें आपलें खरकटें परक्याच्या पोरासाठीं ठेवून जातोस. हें कुठल्या शास्त्रांत बसतें?”

मला उत्तर सुचलें नाहीं. उरलेला तासभर मी आणि तो छोटा मुलगा त्या पोरांच्या मागोमाग पोतें धरून हिंडलों. तासाभरांतच माझी कंबर धरली. परततांना सूनबाईनें ती पिशवी मोटारीच्या मागच्या बाजूस ठेवावयास मागितली, पण सगळा घाट चढून होईपर्यंत आत्याबाईंनीं ती पायांशीं धरून ठेवली होती.

वाटेंत मी विचार करीत होतों. आमच्या वाडवडिलांनींहि वनभोजनें केलीं, आणि जेवून पत्रावळी तेथेंच टाकल्या. पण पत्रावळ होती पळसाची. कांहीं गुरें खात, उरलेलें एका पावसांत मातींत जाई. त्या पानांमुळें टाकण्याची संवय निर्दोष ठरली होती. पानें गेलीं आणि संवय मागें राहिली. कोंकणांतल्या नद्यांची सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची वाट आंखूड आणि उताराची. नापण्याचें पाणी पुढें खारेपाटणच्या बाजूनें विजयदुर्गच्या खाडीकडे जातें. आज डोहाकांठीं टाकलेली बाटली एखाद्या पुरांत समुद्र गांठील. २०१८ सालीं राज्यांत प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली खरी. पण कायदा कांहीं कमरेइतक्या पाण्यांत उतरत नाहीं.

शेजारच्याच कणकवलीस आप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे. १८९४ सालीं ब्राह्मण घरांत जन्मलेले आप्पासाहेब १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. भंगीकाम मला करूं द्या, अशी त्यांची मागणी. सवर्ण कैद्याला तें काम देतां येत नाहीं, असा तुरुंगाचा दंडक. त्यासाठीं त्यांनीं अन्नाचा त्याग आरंभिला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं त्या डिसेंबरांत येरवड्यास गांधीजींनींहि उपवास सुरू केला. लहानपणीं ही गोष्ट मला चमत्कारिक वाटे. घाण काढण्याचा हक्क कोणी मागतो काय? ज्यांच्या माथीं हें काम पिढ्यान्‌पिढ्या मारलें गेलें, त्यांना तें मागावें लागलें नव्हतें. नाकारण्याची सोयच त्यांना नव्हती. आमचें सोवळें त्यांच्या श्रमांवर उभें होतें, आणि आम्ही त्यांनाच उंबरठ्याबाहेर ठेवीत होतों. त्या पिशवीनें मला दाखविलें तें हेंच, कीं सोवळ्याची थट्टा करणाऱ्या मजसारख्या सुधारकानें सोवळें तेवढें सोडलें, पण आपली घाण दुसऱ्यानें उचलावी ही अपेक्षा कांहीं सोडली नाहीं.

घरीं पोहोंचल्यावर आत्याबाईंनीं ताटल्या एकीकडे व बाटल्या दुसरीकडे अशी पिशवी रिती केली, स्नान केलें, आणि मगच देवघरांत दिवा लावला. त्यांचे नियम तसेच आहेत. त्यांत एकाची भर मात्र पडली आहे. आतां आम्ही कोठें बाहेर निघालों कीं त्या स्टीलच्या ताटल्या मोजून देतात, आणि परत आल्यावर मोजून घेतात. गेल्या वेळीं एक कमी भरली, तेव्हां मला दारांतूनच मागें फिरावें लागलें. ती मोटारींत निघाली, हें माझें नशीब!