स्टेनलेसची पाटी गंजते कशी?

आज जरा वेगळा विषय.

आपल्याकडं स्टेनलेसच्या नावाच्या पाट्या बसतात आणि एका पावसाळ्यात त्यावर तांबूस डाग येतात. लोक लगेच म्हणतात, माल डुप्लिकेट, पैसे खाल्ले. कधी तसं असतंही. पण मी फॅब्रिकेशनवाला माणूस, पत्रा वाकवून पोट भरतो. अस्सल 304 सुद्धा असं डागाळतं, आणि पुष्कळदा त्यामागं ओरखडा असतो.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम. त्याचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा वर असतो, तोच गंज अडवतो. स्वच्छ ओरखडा पडला तर पापुद्रा पुन्हा धरतो. साध्या लोखंडाचा डाय घासला तर मात्र लोखंडाचे कण रुतून बसतात आणि ते गंजतात. आता जालन्यात लोखंडाचा कण कुठं नाही सांगा! सकाळी ज्या बेंडिंग मशीनवर एमएस वाकवलं, त्यावरच दुपारी स्टेनलेस.

आपण सळईवाले. सळईवरचं नाव रोलमध्येच उठतं. ती वाकवा, आपटा, ओढत न्या, कुणी विचारत नाही. पट्टीवरचं लेझरचं काळं अक्षर मात्र वरवरचं असतं. दीड मिमीची पट्टी 12 मिमी तोंडाच्या डायवर काटकोनात वाकवली, की वाकाच्या रेषेपासून साधारण 6 ते 9 मिमीवर दोन्ही बाजूंना रेघा उमटतात, कारण तिथंच पत्रा डायच्या कडेवरून घसरतो. अक्षर तिथं आलं की गेलंच. हे ड्रॉइंग काढणाऱ्यानं बघायचं असतं, मशीनवरच्या पोरानं नाही.

आणि माझं दुखणं तेच आहे. मागं एका ठेकेदारानं कोरलेल्या पट्ट्या पाठवल्या, फिल्म काढून, एकावर एक रचून, मधे कागदसुद्धा नाही. टेम्पोतच घासल्या. रिजेक्शन आमच्या माथी. अशा वेळी कित्येक शेडमध्ये पैसे कापले जातात ते पोराच्या पगारातून. आमच्या मस्तगडची किती पोरं रोज अशा शेडमध्ये कामाला जातात!

उपाय काही महाग नाहीत. नाव कोरून, पट्टी पुसून फिल्म चढवायची, ती भिंतीवर बसेपर्यंत काढायची नाही. डायवर युरेथेनची शीट टाकायची, कड पॉलिश ठेवायची. टेबलावर रबर किंवा लाकूड. ब्रश, ग्राइंडरची चकती स्टेनलेसची वेगळी. माल सावलीत ठेवा, आपल्या उन्हात फिल्मचा गोंद असा धरतो की नखं तुटतात. शंका असेल तर पट्टी रात्रभर ओली ठेवा. लोखंड रुतलं असेल तर ठिपके दिसतात. मग पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडनं ते लोखंड काढून टाकायचं.

लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी 2018 ला झाली. एलएचबी डब्याचं अंग स्टेनलेसचंच. असलं काम उद्या आपल्या शेडपर्यंत यावं असं वाटत असेल, तर सळईचा हात स्टेनलेसला चालत नाही, हे आयटीआयपासून शिकवायला पाहिजे.

महापालिकेत एस्टिमेट करणाऱ्यांना विनंती: "304" एवढंच लिहू नका. फिल्म बसवल्यावर काढावी, हत्यारं वेगळी असावीत, या दोन ओळी घाला. आणि शेडवाल्या भावांनो, माल फिल्मशिवाय आला तर फोटो काढा, चलनावर तसं लिहून ठेकेदाराची सही घ्या, मगच मशीनला लावा.