खाडीपलीकडची भाषा

हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी सरळ "अलिबाग" सांगून मोकळा होतो. खरं गाव रेवदंडा, पण मग "ते कुठे आलं?" हे ठरलेलं. (अलिबाग म्हटल्यावर होणारा तो जुना विनोदही ठरलेलाच, पण त्याची सवय झालीय!)

फर्स्ट इयरला रूम पार्टनर मिळाला तो कोर्लईचा. कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी अलीकडे आमचा रेवदंडा, पलीकडे डोंगरावरचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. तो किल्ला मी लहानपणापासून रोज बघतोय. पण एका रात्री हा घरी फोनवर बोलत होता आणि मला एक शब्द कळेना. "कसली कोड लँग्वेज रे ही?" म्हणत मी त्याची नक्कल केली. सगळी विंग हसली. दुसऱ्या दिवसापासून तो फोन घेऊन जिन्यात जायला लागला.

मला वाईट वाटायला दोन महिने लागले. तेही सबमिशनच्या रात्री, लाईट गेल्यावर, त्यानेच सांगितलं म्हणून. त्या भाषेला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि तेही मुख्यत: या एकाच गावात!

मग मी वाचायला लागलो. आमचं रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं 'खालचं चौल'. शेजारचं चौल ते वरचं. आजही नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाताना एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. १४६९ मध्ये अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला होता. १५०८ मध्ये इथल्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला लढाईत मारलं. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये दोन्ही काठ मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. पायथ्याचं ख्रिस्ती गाव मात्र तिथेच राहिलं, आणि सभोवती सगळी मराठी असताना घरात आपली भाषा बोलत राहिलं. आणि हसणारा मी कोण? पाव, चावी, पगार, घमेलं... हे शब्द त्यांच्याकडूनच तर आले.

दिवाळीच्या सुट्टीत रेवदंड्याला न उतरता साळावचा पूल ओलांडून त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजीने छान मराठीत विचारलं, "त्या काठचा ना तू?" मग नातवाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघं हसली.

"काय म्हणाल्या रे?"

"जिन्यात चल, सांगतो."

संध्याकाळी किल्ल्यावर गेलो. पलीकडे माडांच्या रांगेत मी माझं घर शोधत होतो, आणि मला ते सापडत नव्हतं. त्याने बोट दाखवलं.