आज्जीची हजेरी

आमच्या आज्जीचा जन्म १ जानेवारीचा. म्हणजे आधार कार्डावरचा. गावच्या शाळेत कार्डं काढायला गर्दी झाली होती. मशीनवरच्या पोरानं विचारलं, "आज्जी, जन्मतारीख काय?"

"ती आमच्या आईला ठावं. पर ती लय लांब गेलीया. जातूस का इचारायला?"

पोरानं निमूट १ जानेवारी १९४५ टाकून दिलं. पुढं कळलं, रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तारीख तीच. मग काय, महिनाभर आज्जी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आगं, त्या दिशी गावच्या सुईणीची काय धांदल उडाली आसंल!"

तिची स्वतःची वय मोजायची रीत वेगळी होती. "बहात्तरच्या दुस्काळात तुझा बा पाच वर्साचा, आन् तुझी आत्या अंगावर पीत हुती." एवढ्यावरनं ज्याचा त्यानं हिशेब करायचा.

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातलं आमचं गाव. पावसानं साथ दिली तर ज्वारीत उभा माणूस दिसायचा नाही, नाही दिली तर रानात पाय अडकतील एवढ्या भेगा. चुलीपुढं मात्र आज्जीचं राज्य. आम्ही पोरं जेवायला बसलो की "बास" म्हणायची सोय नसायची. तिसऱ्या भाकरीवर हात आडवा धरला की ती चौथी ताटात टाकायचीच. वर म्हणायची, "ही भाकर न्हाय, भाकरीची सावली हाय. खा."

आपण मात्र सगळ्यांच्या मागनं जेवायची. आई म्हणायची, "आत्या, तुम्हीबी बसा की आता." तर हिचं ठरलेलं उत्तर, "माझं थापता थापता वासानंच प्वाट भरलं. ढेकर तेवढा ऱ्हायलाय."

तिच्याजवळ गोष्टींचा तोटा नव्हता, पण आम्हाला सगळ्यात आवडायची ती खडीवरची. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं कामं काढली होती, कुठं तलाव, कुठं रस्ता. आज्जी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. रेशनला तांबडी मिलो मिळायची, कामावर सुकडी. एकदा दुपारचं आज्जी खडीच्या ढिगावरच आडवी झाली. नेमका मुकादम आला आणि ओरडला, "काय गं, झोपा काढाया येतीस व्हय? खाडा मांडू का?" आज्जी डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "झोपतीया कुटं? सायेब गाडीतनं जाणार ह्या रस्त्यानं. खडी टोचती का मऊ हाय, ते बघतीया!" सगळ्या बायका खदाखदा हसल्या, मुकादमही हसला. खाडा काही पडला नाही.

ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. मुकादमाचा आवाज ती अशी काढायची की आमची पोटं दुखायची. माझे वडीलही पाहुण्यारावळ्यांत ती रंगवून सांगायचे.

गेल्या माघात आज्जी गेली. रात्री जेवली, "उद्या हुलगं भिजत घाला" म्हणाली आणि पहाटे उठलीच नाही.

दहाव्याला आम्ही माण नदीच्या काठाला जमलो. आमच्याकडं बायकाही येतात. पिंड मांडायचं चाललं होतं. शेजारची नानी, म्हणजे आज्जीची खडीवरची जोडीदारीण, काठी टेकून दगडावर बसली होती. बारक्या चुलतभावाला रडू आवरेना, म्हणून मीच विषय काढला, "नानी, ती मऊ खडीची गोष्ट सांगा की. तुम्ही हुता ना तिथं?"

नानी हसली नाही. म्हणाली, "मऊ कशाची रं लेका? चक्कर यिऊन पडली हुती ती. दोन दिस पोटात अन्न न्हवतं. मिळालंली सुकडी पदरात बांधून घरी न्यायची, पोरांस्नी. अंगावरचं लेकरू, आन् दूध कुटनं येणार? आमी तोंडावर पाणी मारलं तवा कुटं डोळं उघाडलं. तेवढ्यात मुकादम आला. आजारी बाई हाय म्हणून कामावरनं काढलं आसतं तर? हातपाय थरथरत हुतं तिचं, तरी बोलली ती तसं. आमीबी मोठ्यानं हसलो. हसाया लागतं हुतं म्हणून हसलो."

मी वडिलांकडं पाहिलं. डोकं भादरलेले वडील ओल्या धोतरानिशी उभे होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेच हळू म्हणाले, "सुकडी ग्वाड हुती. मी आनखी दे म्हणून रडायचो."

आम्ही ज्या गोष्टीवर एवढी वर्षं हसलो, ती गंमत नव्हती. ती एका दिवसाची हजेरी होती. दुसरी अर्धी गोष्ट तिनं आम्हाला कधी वाढलीच नाही.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे मागं सरकले. आज्जीनं मागंच सांगून ठेवलं होतं, "माझ्या येळंला कावळ्याला ताटकळत ठिवू नका. अन् भाकर वाईच जास्त ठिवा. त्याच्या घरीबी पोरं आसत्याल." म्हणून आईनं पिंडाशेजारी अख्खी भाकरी ठेवली होती.

कावळ्यानं वाट बघायला लावली नाही. आला, पिंडाला चोच लावली, भाकरीचा मोठा तुकडा उचलला आणि तिथं न खाता पलीकडच्या बाभळीकडं उडून गेला.

नानी कपाळावर हात धरून बघत होती. म्हणाली, "बघा, घरी घिऊन चालला."