कारण सांगा, मुदत सांगा



वाट पाहणं कामगाराला शिकवावं लागत नाही. मी गोंदियात राईस मिलमध्ये काम करतो. उसना तांदूळ काढायचा तर धान आधी पाण्यात भिजत घालावं लागतं, मग वाफ द्यावी लागते, मग वाळवावं लागतं, तेव्हा कुठं ते भरडायला जातं. वाळवताना घाई केली की दाणा फुटतो, कनकी होते. पण या प्रत्येक थांबण्याला तास ठरलेले आहेत. बॉयलरवरच्या माणसाला विचारा, तो बोट वर न करता सांगेल, अजून इतका वेळ. पगाराची वाट पाहतो, तिलाही तारीख असते. शिक्षा झालेल्या कैद्यालाही तारीख मिळते, भिंतीवर रेघा ओढून तो ती मोजू शकतो.

माझ्या ताईला अकरा महिने झाले. तिला कुणी तारीख सांगत नाही, कारणही सांगत नाही.

ताईच्या व्हिसाबद्दल लिहायला बसलोय. तुमच्यातला कुणी म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती अडकलेली, आणि हा गडी परदेशाच्या गोष्टी सांगतो. जरा थांबा. गोष्ट परदेशाची नाहीच.

भाऊजी नागपूरकडचे, पण आता दूरच्या एका देशाचे नागरिक आहेत. तिथं गोदामात कामाला आहेत. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. ताईची फाईल अजून त्यांच्या टेबलावर आहे. ही भीतीच आहे, दुसरं काही नाही. पोलिसाला, पाटलाला, मालकाला न भिणारा माणूस एका कोऱ्या खिडकीला भितो. कुणी धमकावलं नाही, तरी आपण आपोआप आवाज खाली घेतो. कारण न सांगण्यात केवढी ताकद असते ते इथं बघा.

लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. पांढरी साडी, समोर तथागत आणि बाबासाहेब, त्रिशरण-पंचशील, वर-वधूच्या प्रतिज्ञा. होम नाही, सप्तपदी नाही. नोंदणीही रीतसर केली. मग भाऊजींनी तिकडून बायकोसाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. वर्षभर कागद गोळा केले. ताईचा जन्म घरातच झालेला, सुईणीच्या हातावर. जन्माची नोंद कुणी केलेली नव्हती. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. तो आदेश मिळवला. शाळेच्या दाखल्यावर बाबाचं नाव एक, आधारवर दुसरं, जुन्या रेशनकार्डावर तिसरं. मास्तरनं जसं ऐकलं तसं लिहिलं, आणि आमच्या बापानं अंगठा टेकवला. त्याचंही प्रतिज्ञापत्र केलं. पोलिसांचा दाखला, डॉक्टरी तपासणी, सगळं झालं.

मुलाखतीसाठी आम्ही विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. ताई आत गेली, मी रस्त्याच्या पलीकडं उभा. तिला विचारलं ते एवढंच : लग्न कधी झालं, ओळख कशी झाली, नवरा काय काम करतो. अल्बम चाळला. मग तिच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली. तुमच्या अर्जावर प्रशासकीय प्रक्रिया बाकी आहे, कळवण्यात येईल. ताईनं विचारलं, "किती दिवस?" काचेपलीकडच्या माणसानं पुढच्या माणसाला हाक मारली.

तेव्हापासून आमचं घर त्या चिठ्ठीच्या तालावर चालतं. मोबाईल वाजला की माय चुलीवरचं सोडून येते. "काऊन रे, आलं का काही?" नाही म्हटलं की पुन्हा भाकरीकडं वळते. शेजारची बाई पाण्याच्या टाकीजवळ विचारते, "पोरगी अजून इथंच? जावयानं सोडलं त नाही ना?" नातेवाईक लग्नात भेटले की आधी व्हिसाचं विचारतात, मग जेवलास का म्हणतात. ताई एका खाजगी दवाखान्यात परिचारिका होती. वर्षाचा करार मुलाखतीच्या आधीच संपला आणि पुढं वाढवला गेला नाही. ती घरी बसली. डॉक्टरी तपासणीची मुदत सहा महिन्यांत संपली, आणि त्या कागदाचे पैसे पाण्यात गेले. त्यांच्या उशिरानं आमचे कागद शिळे होतात आणि ताजे करायचा खर्च आम्हीच करायचा, असा हा व्यवहार आहे.

पण सगळ्यात वाईट गोष्ट पैशाची नव्हती. कारण कुणी सांगत नाही म्हटल्यावर आम्ही ते स्वतःतच शोधायला लागलो. रात्री कंदिलासारखा मोबाईल लावून ताई अल्बम बघत बसायची. फोटोत होम दिसत नाही म्हणून त्यांना लग्न खोटं वाटलं असन का? गळ्यात नेहमीसारखं मंगळसूत्र नाही म्हणून? बापाच्या नावाची तीन रूपं आहेत म्हणून? जन्माची नोंद इतक्या उशिरा केली म्हणून? माय म्हणाली, "त्या दिवशी तू बोलताना खाली पाहत होतीस का?" म्हणजे बघा. दाई येऊन गेली आणि नोंद झाली नाही, मास्तरनं नाव चुकवलं, आम्ही बौद्ध झालो, आम्ही खाली पाहिलं, सगळा दोष आमचाच. दोष लावणारा कुणीच समोर नाही, तरी आरोपी मात्र तयार.

ही सवय आपल्याला नवी नाही, दोस्तहो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला थांबवलं आणि कारण सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते मागच्या जन्माचं सांगितलं. मागच्या जन्माचं पाप म्हणजे काय? दाखवता येत नाही, तपासता येत नाही, अपील करता येत नाही असं कारण. कर्मसिद्धांत हीसुद्धा एक प्रशासकीय प्रक्रियाच होती. फाईल चालू आहे, निकाल पुढच्या जन्मी.

ताईचा देश कोणता ते बाजूला ठेवा. अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण बाबासाहेब तिथं शिकले आणि तिथले कायदे कुणालाही वाचायला मिळतात. 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, 1916 साली तिथून लंडनला गेले. पुढच्याच वर्षी, 1917 च्या कायद्यानं, अमेरिकेनं हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांना वस्तीसाठी यायला बंदी केली. विद्यार्थी, प्रवासी अशा काहींना सूट होती, मजुराला नव्हती. 1946 साली दार किलकिलं झालं, सबंध हिंदुस्थानाला वर्षाला सुमारे 100 जागा. 1965 च्या कायद्यानं वंश आणि राष्ट्र बघून कोटा ठरवायची पद्धत मोडली, आणि नवरा-बायको, आईबाप यांना जवळ आणण्याला महत्त्व आलं. म्हणजे दरवाजे देव करत नाही. माणसं कायद्यानं लावतात आणि माणसंच कायद्यानं उघडतात.

आज तिथं 1952 च्या स्थलांतर कायद्याचं कलम 221 (जी) आहे. कागद अपुरे वाटले, किंवा आणखी तपासणी हवी वाटली, की अधिकारी या कलमाखाली अर्ज थांबवतो. संकेतस्थळावर 'नाकारला' असा शब्द दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं की प्रक्रिया बाकी आहे. ती प्रक्रिया किती दिवसांत संपली पाहिजे याची पक्की मुदत नाही. कुणाचं पंधरा दिवसांत होतं, कुणाचं वर्ष उलटून जातं. सॅन्ड्रा मुन्योझ ही अमेरिकन नागरिक. तिचा नवरा एल साल्वाडोरचा. 2015 साली त्याला व्हिसा नाकारला, आणि नेमकं कारण बाहेर यायला कोर्टकचेरी करून सुमारे तीन वर्षं लागली. जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं निकाल दिला की परदेशी नवऱ्याला देशात येऊ द्यावं असा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नागरिक बायकोला नाही. त्या देशाच्या नागरिक बाईची ही गत, तर मोबाईलच्या उजेडात अल्बम बघणाऱ्या माझ्या ताईची काय कथा!

आता बाबासाहेबांकडं या. त्यांच्या हातचा एक इंग्रजी मजकूर आहे, 1935-36 च्या सुमाराचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तो 1990 साली पुस्तिका म्हणून छापला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'व्हिसाच्या प्रतीक्षेत'. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, बाबासाहेबांच्या परदेश प्रवासातल्या अडचणी असतील. आत पाहिलं तर वकिलातीचा पत्ता नाही. आत आहे मसूर स्टेशन. नऊ-दहा वर्षांचा भीम, भाऊ आणि भाचा, नवे कपडे घालून बापाला भेटायला निघालेले. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी मायेनं विचारतो, आणि पोरं महाराची आहेत कळताच त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडीवर बसायला तयार नाही. तो पायी चालतो आणि पोरं गाडी हाकतात. रात्रभर पाणी नाही. आत आहे बडोद्याचा पारशी धर्मशाळेतला प्रसंग, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं. सगळी ठिकाणं याच देशातली. आणि नाव काय, तर व्हिसा.

त्या नावाचा अर्थ मला ताईच्या चिठ्ठीनं समजावला. स्वतःच्या देशात स्टेशनपासून गावापर्यंत, वस्तीपासून विहिरीपर्यंत जायला ज्याला परवानगी लागते, आणि ती का मिळत नाही हे ज्याला कुणी सांगत नाही, तो माणूस जन्मभर व्हिसाच्या रांगेत आहे. आपली माय, आपला आजा त्या रांगेत उभे होते. त्यांच्याकडं चिठ्ठीसुद्धा नव्हती.

पण बाबासाहेब त्या रांगेत नुसते उभे राहिले नाहीत. कधी, कुठं, कोण काय बोललं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं. हे मला फार मोठं वाटतं. थांबवणाऱ्याला वाटत असतं की याची कुठं नोंद होणार नाही.

म्हणून सहाव्या महिन्यात मी दुकानातून दोनशे पानी वही आणली. ताईला म्हटलं, आता अल्बम बंद. वहीत पहिल्या पानावर मुलाखतीची तारीख लिही, काय विचारलं ते लिही. महिन्यातून एकदा, एकाच तारखेला, लेखी विचारायचं : आमच्याकडून कोणता कागद बाकी आहे? कारण काय? मुदत काय? उत्तर आलं तर चिकटवायचं, नाही आलं तर 'उत्तर नाही' असं लिहायचं. संकेतस्थळ फक्त सोमवारी बघायचं. बाकी सहा दिवस आपले. एक दलाल घरी आला होता, वरून सेटिंग लावतो म्हणाला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. नवस बोलायला सांगणारेही आले, त्यांना चहासुद्धा नाही दिला.

ताई पुन्हा कामावर जाते, दुसऱ्या दवाखान्यात, पगार आधीपेक्षा कमी. पण रात्रपाळी करून आली की तिला झोप लागते. रविवारी विहारात ती पोरींना परिचारिकेच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला शिकवते. भाऊजींचा फोन येतो तेव्हा आता दोघं व्हिसाशिवाय दुसरंही बोलतात. मायला आम्ही एक वाक्य पाठ करून दिलं. टाकीजवळ कुणी विचारलं की ती म्हणते, "उशीर त्यांच्याकडं आहे बाई, आमच्याकडं नाही." पहिल्यांदा म्हणताना तिची जीभ अडखळली होती. आता ठणकावून म्हणते.

परदेशी खिडकीपुढं आपला जोर चालत नाही, हे खरं आहे. पण आपल्या देशातल्या खिडकीपुढं चालतो, आणि तो कुणी भीक म्हणून दिलेला नाही. राजस्थानातल्या मजुरांनी 1990 च्या दशकात 'मस्टर दाखवा' म्हणून धरणी धरली, त्यातून माहितीच्या हक्काची चळवळ वाढली. 2005 च्या कायद्यानं माहिती मागितली तर साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच्याच कलम 4 मध्ये लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्या माणसाला द्यायची. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात महाराष्ट्रानं सेवेला मुदत लावली. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, घरकुल, आपली किती पोरं या रांगांत उभी आहेत! प्रवेशाची तारीख निघून जाते आणि पोरगं म्हणतं, माझेच कागद कच्चे असतील. तसं म्हणू देऊ नका त्याला.

मी या विषयावर कविता लिहायला बसलो होतो. लिहून झाली तर तो अर्ज झाला होता. दोनच ओळी राहिल्या : कारण सांगा, मुदत सांगा. मी त्या फाडल्या नाहीत. आपल्या चळवळीला सध्या अशा अर्जांची गरज जास्त आहे. ज्याची फाईल अडकली आहे त्यानं दर रविवारी कागद घेऊन विहारात यावं. आम्ही चार-पाच जण बसतो. कार्बन आमच्याकडं आहे, पेन तुम्ही आणा. वही मात्र ज्याची त्यानं ठेवायची.

ताईचा बारावा महिना लागतोय. वहीतलं पुढचं पान तिनं रेघा मारून तयार ठेवलंय.

जय भीम.